दिव्याखाली रोप : आर्क लॅम्पपासून 9 वॅटच्या बल्बपर्यंत

जबलपूरहून बोलतोय.

मागच्या काही भागांत आपण तोफगाड्या, रेल्वे आणि छावण्यांचा इतिहास पाहिला. आजचा विषय घरातला आहे. एका फळीला चार-सहा साधे बल्ब लावायचे आणि त्यांच्या उजेडात मेथी, कोथिंबीर, टोमॅटोची रोपं वाढवायची. बऱ्याच श्रोत्यांनी विचारलं होतं, "साहेब, हे खरंच होतं का? की त्यासाठी ते महागडे जांभळे दिवेच घ्यावे लागतात?" उत्तर द्यायला मला 140 वर्षं मागं जावं लागेल, कारण ते उत्तर इतिहासातच आहे.

विजेच्या उजेडात झाड वाढतं का, याचा पहिला मोठा प्रयोग विल्यम सीमेन्स यांनी इंग्लंडमध्ये केला. साल 1880. तेव्हा घरगुती बल्ब बाजारात आलेला नव्हता. त्यांच्याकडे होता आर्क लॅम्प, म्हणजे कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये पेटणारी विजेची ठिणगी. आपल्या बागेत त्यांनी रात्री हा दिवा लावला आणि झाडं रात्रीही वाढतात हे दाखवलं. रॉयल सोसायटीतल्या व्याख्यानात ट्युलिपच्या मिटलेल्या कळ्या दिव्यासमोर ठेवल्या, आणि तासाभराच्या आत त्या सभागृहातच उमलल्या. पण उघड्या दिव्याजवळची पानं करपत होती. मध्ये काच धरल्यावर ते थांबलं. आज आपण जाणतो की काच अतिनील किरण अडवते.

दहा वर्षांनी अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लिबर्टी हाइड बेली यांनी हरितगृहात हेच प्रयोग केले. सॅलडची पानं दिव्याखाली लवकर तयार झाली, काही पिकांना मात्र दिवा सोसला नाही. गोष्ट सिद्ध झाली, तरी शेतकऱ्याच्या हाती काही आलं नाही. एवढा एक दिवा चालवायला इंजिन आणि डायनामो लागायचा. भाजीपेक्षा उजेड महाग!

पुढचा टप्पा 1920 चा. गार्नर आणि अ‍ॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी दाखवलं की फुलोऱ्याचा हिशेब दिवस किती मोठा, यावर चालतो. पुढं कळलं की झाड खरं तर रात्र मोजतं. आपल्या शेवंतीचं हेच आहे. रात्र लांबली की ती कळी धरते. म्हणून शेवंतीच्या प्लॉटवर रात्री बल्ब लावले की फुलं लांबतात आणि हव्या त्या सणाला काढता येतात. ड्रॅगन फ्रूटचं नेमकं उलट. हिवाळ्यात रात्री दिवे लावले की ते हंगामाबाहेर फुलतं. व्हिएतनामच्या शेतकऱ्यांनी यावर मोठी शेती उभी केली. इथं दिवा झाडाला अन्न पुरवत नाही, नुसता निरोप देतो. त्यामुळं थोडा उजेडही पुरतो.

पण घरात सूर्याशिवाय रोप वाढवायचं तर उजेड अन्नाएवढा लागतो. ते परवडायला लागलं ट्यूबलाइटमुळं. 1938 मध्ये ती अमेरिकेत बाजारात आली. पिवळ्या बल्बपेक्षा थंड, म्हणून रोपाच्या जवळ टांगता येते. आणि लांब, म्हणून उजेड सारखा पसरतो. एका मोठ्या दिव्याऐवजी अनेक छोटे दिवे, जवळून, ही युक्ती इथून रुळली.

तिचं सर्वांत मोठं काम आपल्याकडं झालं ते टिश्यू कल्चरच्या खोल्यांत. लोखंडी मांडण्या, प्रत्येक कप्प्यावर ट्यूब, साधारण 25 अंश तापमान, 16 तास उजेड आणि 8 तास अंधार. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, एनसीएलमध्ये, अशाच कामातून बांबूला काचेच्या नळीत फुलं आणि बी आलं. ज्या बांबूला रानात फुलायला काही दशकं लागतात, तो काही महिन्यांत फुलला. ते फुलोऱ्याचं श्रेय पोषक द्रव्यातल्या संप्रेरकांचं. नाडगौडा, पराशरामी आणि मस्कारेन्हस यांचा हा शोध 1990 मध्ये 'नेचर'मध्ये छापला गेला.

जळगावात हीच पद्धत केळीच्या बागेपर्यंत पोचली. पूर्वी खानदेशात केळीचे मुनवे लावत. एका बागेतला रोग मुनव्याबरोबर दुसऱ्या बागेत जायचा आणि घड मागंपुढं यायचे. ग्रँड नैन जातीची टिश्यूची रोपं आल्यावर बाग एकसारखी वाढू लागली, घड वर्षाच्या आसपास येऊ लागले. बऱ्हाणपूरच्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. त्या रोपानं सूर्य बघण्याआधी कितीतरी दिवस दिवा बघितलेला असतो.

आता आपल्या बल्बकडं येऊ. निळा एलईडी नाकामुरा, आकासाकी आणि अमानो यांनी साधला. त्यातूनच पांढरा एलईडी झाला, आणि 2014 चं नोबेल त्यांना मिळालं. भारतात 5 जानेवारी 2015 ला उजाला योजना सुरू झाली. 300-350 रुपयांचा बल्ब काही वर्षांत 70-80 रुपयांवर आला. सीमेन्सना इंजिन लागलं, आपल्याला वाण्याचं दुकान पुरतं.

जांभळ्या दिव्यांचं काय? पान लाल आणि निळा उजेड जास्त शोषतं, हे खरं. पण मॅक्री यांनी 22 पिकांवर मोजमाप करून 1972 मध्ये दाखवलं की हिरवा उजेडही पान चांगलाच वापरतं. म्हणजे पांढरा बल्ब चालतो. जादा पैसे रंगासाठी मोजू नका.

हिशेब करा. दोन फूट बाय दोन फुटांचा कप्पा. वरच्या फळीला चार होल्डर, त्यांत 9 वॅटचे चार पांढरे बल्ब. एक बल्ब सुमारे 900 ल्युमेन, चार मिळून 3600. कागदावर कप्प्यावर 9-10 हजार लक्स पडतात, प्रत्यक्षात त्याच्या निम्मे ते पाऊणपट धरा. बाहेर दुपारचं ऊन लाखभर लक्स असतं, आपल्या बैठकीच्या खोलीत काहीशे. म्हणजे पालेभाजी आणि रोपवाटिकेला हे पुरतं. टोमॅटोची फळं यावर मागू नका. रोज 14 तास लावले तर 9 वॅटचे चार बल्ब मिळून दिवसाला अर्धा युनिट, महिन्याला 15. तेच 60 वॅटचे पिवळे चार बल्ब लावले असते तर 100 युनिट!

बल्ब रोपाच्या वर वीतभर ठेवा आणि रोप वाढेल तसे उचला. रोप लांबट, पांढुरकं झालं तर उजेड कमी पडतोय. फळीला पांढरा रंग द्या, टायमर लावा. पाणी घालताना स्विच बंद ठेवा, आणि जोडणी इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या.

शेवटी एक फौजी गोष्ट. लेहमध्ये 1962 पासून संरक्षण खात्याची प्रयोगशाळा जवानांच्या ताटात ताजी भाजी यावी म्हणून काम करते. तिथं ऊन भरपूर, कमी पडते ती ऊब. म्हणून त्यांनी दिवे न लावता जमिनीत चर खणून वर प्लास्टिक पसरलं. रसदेचा पहिला नियम हाच : आधी काय कमी आहे ते ओळखा, मग खर्च करा. तुमच्या गॅलरीत चार तास ऊन येत असेल तर बल्ब विकत घेऊ नका, कुंडी उचलून तिथं ठेवा. ज्याच्या खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत आहे, त्याच्यासाठी मात्र 140 वर्षांची ही सारी खटपट आज तीन-चारशे रुपयांत उभी आहे.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.