लोहाराचा मुलगा, राजाचा गुरू

प्रशियाचा राजा दुसरा फ्रीडरिख इतिहासात ओळखला जातो तो त्याच्या युद्धांसाठी. मात्र संध्याकाळ झाली की हाच राजा बासरी हाती घेत असे. दरबारच्या त्या मैफलीत वादन संपताच ‘ब्राव्हो’ म्हणण्याची मुभा एकाच वादकाला होती. तो एका खेडवळ लोहाराचा मुलगा होता.

योहान योआखिम क्वांट्स याचा जन्म ३० जानेवारी १६९७ रोजी गॉटिंगेनजवळच्या ओबरशेडेन गावी झाला. बापाने त्याला लहानपणीच ऐरणीशी उभे केले. आपल्यामागे मुलाने घणच चालवावा, अशी त्याची इच्छा होती. मुलाचे मन मात्र गावच्या सणसमारंभांतील वाद्यांत गुंतले होते. १७०७ मध्ये वडील वारले आणि पुढच्याच वर्षी तो मेर्सेबुर्गला चुलत्याकडे गेला. हा चुलता नगरवादक होता.

नगरवादक म्हणजे शहराच्या पगारावरील बँड. लग्नकार्य असो, चर्चमधील उपासना असो वा नगराचा उत्सव, वाजवायचे त्यांनीच. आपल्याकडे देवळात सनई-चौघडा वाजवणाऱ्या गुरवाची आठवण व्हावी, असाच हा पिढीजात पेशा. काही महिन्यांतच चुलता मरण पावला. पण त्याच्या जागी आलेल्या नगरवादकाकडे क्वांट्सने उमेदवारी पुरी केली. व्हायोलिन, ओबो, ट्रंपेट, ट्रॉम्बोन, शिंग, बसून, चेलो... जे वाद्य हाती पडेल ते वाजवता आलेच पाहिजे, हा तिथला दंडक. आडव्या बासरीवर त्याचा खरा भर मात्र अजून नव्हता.

बासरीकडे तो वळला तो काहीशा नाइलाजाने. १७१८ मध्ये ऑगस्ट राजाच्या ‘पोलिश’ वादकवृंदात त्याला ओबोवादक म्हणून नोकरी मिळाली. वार्षिक वेतन १५० थालर. ओबोवादकांत ज्येष्ठांची रांग लांब होती, बढतीची आशा नव्हती. म्हणून त्याने बासरी धरली आणि ड्रेस्डेनमधील फ्रेंच वादक ब्युफार्दँ याच्याकडे सुमारे चार महिने शिक्षण घेतले. पुढे १७२४ ते १७२७ या काळात इटली, फ्रान्स व इंग्लंडचा प्रवास झाला. पॅरिसमध्ये असताना त्याने बासरीला दुसरी चावी जोडली. डी शार्प आणि ई फ्लॅट हे आज पियानोच्या एकाच पट्टीवर वाजणारे स्वर त्याच्या कानाला निराळे वाटत, आणि बासरीतून ते निराळेच निघावेत असा त्याचा आग्रह होता.

१७२८ मध्ये त्याचे वादन सोळा वर्षांच्या युवराज फ्रीडरिखने ऐकले आणि शिकवणी सुरू झाली. युवराजाच्या शिस्तप्रिय पित्याला बासरीचा तिटकारा होता. राजा अचानक खोलीत शिरला, तेव्हा क्वांट्सला शेगडीशेजारच्या कोंदट कोठडीत लपावे लागले, असा किस्सा सांगतात. तो काळ सरला. शिष्य गादीवर आल्यानंतर १७४१ मध्ये क्वांट्स बर्लिनला आला तो आपल्या अटींवर: तहहयात वार्षिक २००० थालर, प्रत्येक नव्या रचनेचा वेगळा मोबदला, त्याने घडवलेल्या प्रत्येक बासरीमागे १०० डुकाट, आणि हुकूम फक्त राजाचा.

१७५२ मध्ये त्याने बासरीवादनावर ग्रंथ लिहिला. नाव बासरीचे असले तरी त्याचा बराचसा भाग वादनकला, साथसंगत आणि संगीताची पारख यांना वाहिलेला आहे. मेट्रोनोम यायला अजून साठेक वर्षे होती. म्हणून क्वांट्सने लय मोजायला माणसाची नाडी सुचवली, मिनिटाला सुमारे ८० ठोके. आईबापांनी मुलाचा कल न पाहता त्याचा पेशा ठरवू नये, हेही त्याने आरंभीच लिहिले. ऐरणीपासून सुटलेल्या मुलाखेरीज हे कोण लिहिणार?

या वैभवाची किंमतही होती. क्वांट्सने सुमारे ३०० कंचेर्टो रचले. ते मुख्यतः राजासाठी होते आणि दरबारात वर्षानुवर्षे तेच फिरत राहिले. बाहेर युरोपाची अभिरुची बदलत होती. हायडनचे नाव गाजू लागले होते. १७७२ मध्ये इंग्रज संगीतेतिहासकार चार्ल्स बर्नी पॉट्सडॅमला आला, तेव्हाही साठीतला राजा क्वांट्सचेच कंचेर्टो वाजवत होता. पंचाहत्तरीचा गुरू प्रत्येक भागाच्या आरंभी हाताने लय दाखवी आणि अधूनमधून ‘ब्राव्हो’ म्हणे. पुढच्या वर्षी, १२ जुलै १७७३ रोजी, त्याच पॉट्सडॅममध्ये क्वांट्सचे निधन झाले.