सातव्या वर्षाचे शेत



मोशेच्या नियमशास्त्रात, निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात, एक कलम आहे. सहा वर्षे शेत पेरावे, सातव्या वर्षी पडीक सोडावे. आपोआप उगवेल ते गोरगरिबांनी खावे आणि त्यांच्यापासून उरेल ते वनपशूंनी. त्याला लागूनच बैल, गाढव, दासीचा मुलगा व परका यांना आठवड्याची विश्रांती सांगितली आहे. आमचे आयुष्य कामगारांच्या सुट्टीसाठी भांडण्यात गेले. म्हणून हे कलम आम्ही पुनःपुन्हा वाचले. गरीब आणि रानचे जनावर यांचा हक्क तेथे एका दमात नोंदला आहे.

जुन्नर-आंबेगावात हे दोघे एकाच फडात भेटतात. कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, येडगाव, डिंभे ही धरणे झाली, पाणी आले, ऊस वाढला. बिबट्याला उसात आडोसा मिळाला, वस्तीजवळ कुत्री-शेळ्या मिळाल्या. मादी तेथेच विऊ लागली. त्याच उसाच्या कडेला तोडणी मजुरांची कोपी उभी राहते, आणि कोपीला दार नसते.

जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवरील हल्ले वर्षाला सरासरी ४ होते. मग बिबटे पकडून दूरच्या रानात सोडण्याचा सपाटा लागला. २००१ ते २००३ मध्ये ही सरासरी १७ वर गेली. विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली हे मांडले. परक्या रानात टाकलेले जनावर बिथरते. संकट हलले, टळले नाही.

येथे आम्हां ख्रिस्ती लोकांनी आपली चूक कबूल केली पाहिजे. भीमाशंकरला अभयारण्य १९८५ साली झाले; त्याच्या कितीतरी आधीपासून महादेव कोळी बांधव देवराया राखीत होते, वाघोबाला शेंदूर लावीत होते. आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हटले. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातील ‘सत्ता’ आम्ही मालकी म्हणून वाचली. दुसऱ्या अध्यायात आदामाला बागेची राखण सोपविली आहे, ती विसरलो. मालक आणि राखणदार यांतला फरक कामगाराला तरी सांगावा लागू नये! वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईच्या लढ्यात ही राखण रस्त्यावर आणली. पोप फ्रान्सिस यांनी २०१५च्या परिपत्रकात धरणीचे आणि गरिबांचे गाऱ्हाणे एकत्रच ऐकण्यास सांगितले.

ज्याचे मूल बिबट्याने नेले त्याच्यापुढे दयेचे प्रवचन आम्हांस करवणार नाही. पण त्याला बंदूक देऊन कोपी तशीच उघडी ठेवणे हाही न्याय नव्हे. कोपीला दार, वाटेवर दिवा, शेळीला बंदिस्त गोठा हे आधी मागू. मजुराची राखण केली तरच बिबट्याची राखण करा म्हणण्याचा अधिकार आपणांस येईल.