इमर्जन्सी अलर्ट बंद करायचे की चालू ठेवायचे? प्रायव्हसीचं खरं गणित

फोन सायलेंटवर असतो, तरी अचानक मोठ्याने वाजतो, थरथरतो आणि स्क्रीनवर इशाऱ्याची चौकट येते. २० जुलै २०२३ ला महाराष्ट्रातल्या अनेकांनी हा अनुभव घेतला. ती दूरसंचार विभागाची चाचणी होती. तेव्हापासून मला दोन प्रश्न सारखे विचारले जातात : 'सरकारला माझा नंबर आणि मी कुठे आहे हे कसं कळलं?' आणि 'हे बंद कसं करायचं?' आज दोन्हींची उत्तरं पाहू.

अलर्ट येतो कसा?

या तंत्राचं नाव सेल ब्रॉडकास्ट. एसएमएस म्हणजे पोस्टमन. त्याला तुमचा पत्ता, म्हणजे मोबाइल नंबर, लागतोच. सेल ब्रॉडकास्ट म्हणजे दवंडी. दवंडीवाला चौकात उभा राहून ओरडतो, कोणाच्या घरी कोण आहे हे त्याला माहीत नसतं. तसंच इथे ठरलेल्या भागातले टॉवर एक संदेश हवेत सोडतात आणि त्या टॉवरखाली असलेला फोन तो पकडतो. नंबरांची यादी कुठेच लागत नाही. म्हणूनच नेटवर्कवर गर्दी असली, फोन लागत नसले, तरी हा संदेश पोचू शकतो.

भारतातली ही यंत्रणा सी-डॉट या सरकारी संस्थेने तयार केली आहे आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण तिचा वापर इशारे देण्यासाठी करतं.

माझी माहिती बाहेर जाते का?

अलर्ट घेताना फोन फक्त ऐकतो, उत्तर देत नाही. तुम्ही संदेश वाचला की नाही, 'ओके' दाबलं की नाही, याची पोच परत जात नाही. त्यासाठी लोकेशन चालू असण्याचीही गरज नाही.

मग आपण कुठे आहोत हे कोणालाच कळत नाही का? तर तसंही नाही. तुमचा फोन साधारण कुठल्या टॉवरच्या टप्प्यात आहे हे मोबाइल कंपनीला माहीत असतंच, नाहीतर तुम्हाला कॉल येणार कसा? पण हे अलर्टमुळे घडत नाही आणि अलर्ट बंद केल्याने थांबतही नाही. म्हणून फक्त प्रायव्हसीसाठी अलर्ट बंद करत असाल, तर हाती काहीच लागणार नाही. पुराची किंवा वादळाची सूचना मात्र हुकेल.

मग जपायचं कुठे?

*ॲप्स :* पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं 'दामिनी' ॲप जवळपास वीज पडण्याची शक्यता सांगतं. आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं 'सचेत' ॲपही आहे. दोन्ही कामाची आहेत, पण 'तुमच्या जवळ' काय घडतंय हे सांगायला ॲपला तुमचं लोकेशन लागतं. इथे दवंडी नाही, इथे पत्ता द्यावा लागतो. परवानगी विचारपूर्वक द्या आणि ॲप अधिकृत स्टोअरवरूनच घ्या. व्हॉट्सॲपवर आलेली 'सरकारी अलर्ट'ची एपीके फाइल अजिबात उघडू नका.

*खोटे इशारे :* अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवून दिलं, की बनावट टॉवर उभारून जवळपासच्या फोनवर खोटा अलर्ट पाठवता येतो. म्हणून अलर्टमध्ये ओटीपी, बँकेचा तपशील किंवा पैसे मागितले असतील, तर तो खोटाच समजा.

*लपवलेला फोन :* ही बाब सगळ्यात गंभीर आहे. घरात मारहाण सहन करणाऱ्या काही जणी मदतीसाठी एक फोन लपवून ठेवतात. तो सायलेंटवर असला तरी अलर्टने वाजू शकतो आणि जागा उघड होते. ब्रिटनमध्ये २३ एप्रिल २०२३ ला देशभर चाचणी झाली, तेव्हा महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी अशा फोनवरचे अलर्ट आधीच बंद करायला सांगितलं होतं. तुमच्या ओळखीत कोणी अशा परिस्थितीत असेल, तर तिला ही सेटिंग जरूर सांगा. आपल्याकडे महिला हेल्पलाइनचा नंबर १८१ आहे.

बंद कसं करायचं?

अँड्रॉइड : सेटिंग्ज > सेफ्टी अँड इमर्जन्सी > वायरलेस इमर्जन्सी अलर्ट्स. सापडलं नाही तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये 'इमर्जन्सी अलर्ट' टाका. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात.

आयफोन : सेटिंग्ज > नोटिफिकेशन्स > अगदी तळाशी सरकारी अलर्टचे पर्याय.

अनेक फोनमध्ये चाचणीचे आणि खऱ्या धोक्याचे अलर्ट वेगवेगळे बंद करता येतात. किती सूट मिळेल हे देशावरही अवलंबून असतं. अमेरिकेत राष्ट्रीय पातळीवरचा अलर्ट बंद करता येत नाही, तिकडे शिकायला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

परीक्षा किंवा मुलाखत असेल तर सेटिंग बदलत बसू नका. फोन सरळ बंद करा. अलर्ट बंद केले की पुन्हा चालू करायचं राहून जातं.

माझं मत

मी माझ्या फोनवर चाचणीचे अलर्ट बंद आणि धोक्याचे चालू ठेवले आहेत. बहुतेकांना हेच सोयीचं पडेल. प्रायव्हसीची काळजी असेल, तर तोच वेळ ॲप्सच्या लोकेशन परवानग्या तपासायला द्या. अँड्रॉइडवर परमिशन मॅनेजर उघडून 'लोकेशन'वर टॅप करा. तिथे 'नेहमी परवानगी'खाली जी नावं दिसतील, त्यातल्या कोणाला खरंच तुमचा पत्ता चोवीस तास लागतो, ते बघा. लागत नसेल त्याची परवानगी आजच काढा.