पंडिता रमाबाई आणि श्रद्धेची जबाबदारी

विल्यम क्लिफर्ड या इंग्रज गणितज्ञाने १८७७ साली श्रद्धेच्या नीतिमत्तेवर एक निबंध लिहिला. त्यात एक जहाजमालक आहे. जहाज जुनं झालंय हे त्याला ठाऊक असतं. पण आजवर इतक्या सफरी पार पडल्या, हीसुद्धा पडेल, अशी मनाची समजूत घालून तो ते प्रवाशांसकट समुद्रात सोडतो. जहाज बुडतं. क्लिफर्डच्या मते, ते बुडालं नसतं तरी मालक तेवढाच दोषी. शंका तपासायच्या सोडून त्याने त्या दाबून टाकल्या होत्या ना!

त्यानंतर सहा वर्षांनी, १८८३ मध्ये, त्याच इंग्लंडात वाँटेज इथे पंडिता रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. इकडे केवढा गदारोळ झाला! पण सिस्टर जेराल्डीनशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार वाचला, की बाई भुलली-फसली असं म्हणणं अवघड होतं. त्रैक्याचा सिद्धान्त बुद्धीला पटत नाही, तर तो मान्य करणार नाही, हे त्या ठामपणे सांगतात. क्रूसावर लॅटिन अक्षरंच का, संस्कृत का नकोत, असं विचारतात. एका पुरोहितवर्गाचं जोखड मोठ्या कष्टाने उतरवलं, ते दुसऱ्याचं मानेवर घेण्यासाठी नव्हे, असंही बजावतात. जेराल्डीनबाईंना यात अहंकार दिसे.

हे लिहिणारी बाई पंचविशी-सत्ताविशीची विधवा होती. पदरी लहानगी मनोरमा, परका देश आणि आधार त्याच सिस्टर्सचा. अशा वेळी मान डोलावणं किती सोपं होतं!

क्लिफर्डला रमाबाई पटल्या असत्या का? बहुधा नाही. त्याने पुरावा मागितला असता, आणि देवाचा पुरावा कुठून आणायचा? खुद्द रमाबाईंनाही नुसत्या बुद्धीने गाठलेला धर्म पुरला नाही. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मात्र मिळाला नव्हता, असं त्यांनी पुढे १९०७ साली लिहिलं. ती शांती त्यांना १८९१ च्या सुमारास लाभली.

पण शंका दाबणाऱ्या जहाजमालकाच्या रांगेत त्यांना बसवता येत नाही. त्यांनी प्रश्न विचारले, त्यांची किंमत मोजली, आणि मगच होकार दिला. शेवटची वर्षं केडगावला मूळ हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणण्यात गेली. मध्यस्थाच्या शब्दावर विसंबायचं नाही, हा बाणा तिथेही दिसतोच.

आपण आपली श्रद्धा, किंवा अश्रद्धा, इतकी पारखून घेतलेली असते का?