अंगठ्यांचा टाइपरायटर

रे रोडला उतरून दारूखान्याकडे वळलं की लोखंडाच्या पेढ्या लागतात. प्लेट, अँगल, पाइप, तोडलेल्या जहाजांचं भंगार. इथला माणूस उभ्या उभ्या, एका हाताने सौदा करतो. नोकियाचा ई63 जणू त्याच्यासाठीच बनला होता.

2008 च्या शेवटी हा फोन आला. थोरला भाऊ ई71 स्टीलचा, हा प्लास्टिकचा. जीपीएस नाही, कॅमेरा 2 मेगापिक्सेलचा. पण वाय-फाय, 3जी आणि 1500 एमएएचची दणकट बॅटरी होती. प्रोसेसर 369 मेगाहर्ट्झचा, त्यामुळे मोठी एक्सेल शीट उघडायला टाकली की चहा सांगावा. पडदा सव्वादोन इंचांहून जरासा मोठा. खालची सगळी जागा टाइपरायटरसारख्या बटणांनी खाल्लेली. स्पेसबार दाबून धरला की टॉर्च लागायचा. गोडाउनच्या अंधारात मेलपेक्षा याचाच उपयोग जास्त!

त्या बटणांचं मूळ मात्र फार जुनं. मिलवॉकीच्या शोल्स नावाच्या वर्तमानपत्रवाल्याने 1868 साली टाइपरायटरचं पेटंट घेतलं. 1874 पासून ते यंत्र विकायला आणलं बंदुका बनवणाऱ्या रेमिंग्टनने. अक्षरांची ही क्वर्टी मांडणी 1878 च्या पेटंटमध्ये दिसते. आपल्याकडे, 1897 साली लालबागमध्ये कुलपांपासून सुरुवात केलेल्या गोदरेजने 1955 साली टाइपरायटर काढला. गिरगाव-दादरच्या टायपिंग क्लासात त्यावर पोरं घासून निघाली: बोटं मधल्या ओळीवर, नजर कागदावर, अंगठा फक्त स्पेससाठी.

कॅनडाच्या रिम कंपनीने ही शिस्त उलटी केली. तिच्या 1998 च्या पेजरवर आठ बोटं मागे यंत्र धरायला गेली आणि सगळं काम अंगठ्यांवर आलं. त्यातूनच पुढे ब्लॅकबेरी. 2004 साली एअरटेलने तो भारतात आणला, पण तो साहेबाच्या खिशात राहिला. क्लास केलेल्या क्लार्कच्या हाती असा कीपॅड आला तो ई63सारख्या फोनांमुळे. त्याचा स्पीड इथे कामाला आला नाही. कुठलं अक्षर कुठे, एवढं मात्र अंगठ्यांना आयतं मिळालं.

मग काचेचे फोन आले. त्यांवर जाड हातमोज्याचा स्पर्श सहसा उमटत नाही, ऑइल लागलेलं बोट घसरतं. ई63चं बटण हातमोज्यातूनही दाबलं जायचं, आणि दाबल्याचं बोटाला कळायचं.