लग्न कोण लावते?

घरात जुन्या कागदांची पेटी असेल तर तिच्यातली आजोबा-पणजोबांच्या वेळची एखादी लग्नपत्रिका काढून पाहा. ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ अशी सुरुवात, आणि पुढे अमक्याचा ‘शरीरसंबंध’ तमक्याच्या कन्येशी ‘करण्याचे योजिले आहे’. आजची मुले हा शब्द वाचून हसतात. पणजोबांना त्यात हसण्यासारखे काही वाटले नव्हते. लग्न हा दोन शरीरांचा आणि त्यातून दोन कुळांचा संबंध, हे ते उघडपणे छापून कळवत. पण त्या वाक्याचे व्याकरण तपासा. योजणारा बाप आहे. ज्यांचे लग्न, त्यांतला वर षष्ठीत आहे आणि वधू तृतीयेत.

कॅथलिक विवाहविधीत वाक्य उलटे आहे. वधू आणि वर स्वतः प्रथमपुरुषात, वर्तमानकाळात बोलतात: मी तुझा स्वीकार करते, मी तुझा स्वीकार करतो. रोमच्या पंथाच्या शिकवणीप्रमाणे हा संस्कार ती दोघेच एकमेकांना देतात. पाद्री चर्चच्या वतीने त्यांचा होकार विचारतो आणि ऐकतो. गोव्यात शेजाऱ्यांच्या लग्नाला इगर्जीत बसून तुम्ही हे पाहिले असेल. एवढे साधे वाक्य आणि त्याचा विधी पक्का व्हायला युरोपात चारशे वर्षे लागली.

वादाचे मूळ बाराव्या शतकात आहे. बोलोन्याचा धर्मशास्त्री ग्रेशियन याने सुमारे 1140 मध्ये मांडले, की संमतीने लग्नाची सुरुवात होते आणि शरीरमीलनाने ते पुरे होते. पॅरिसचा पीटर लोम्बार्ड म्हणाला, संमती पुरेशी आहे. नाहीतर मारिया आणि जोसेफ यांना नवरा-बायको कसे म्हणणार? पोप तिसरा अलेक्झांडर (1159 ते 1181) याने दोघांनाही थोडे थोडे दिले. ‘करतो’ असे वर्तमानकाळात म्हटले, की लग्न लागले. ‘करीन’ असे भविष्यकाळात म्हटले, तर तो वाङ्निश्चय. पण त्यानंतर शरीरसंबंध झाला, तर तेही लग्नच. आणि जे लग्न शरीराने पुरे झाले, ते मग कोणाला मोडता येत नाही. आपल्याकडे सातवे पाऊल पडले की लग्न पक्के होते. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यातही, जिथे सप्तपदीचा विधी आहे तिथे, तेच धरले आहे. तिथे ते क्रियापदाच्या काळावर ठरू लागले!

यात आईबापांच्या परवानगीला जागा नव्हती, पाद्र्याला नव्हती, साक्षीदारालाही नव्हती. माळ्यावर किंवा बागेत दोघांनी एकमेकांना शब्द दिला, तर ते पाप ठरे, पण लग्न खरे ठरे. त्याचे परिणाम काय झाले, ते एका घराच्या पत्रांत जसेच्या तसे उरले आहेत.

इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यात पॅस्टन नावाचे जमीनदार घराणे होते. त्यांची मुलगी मार्जरी हिने घरचा कारभारी रिचर्ड कॅल याच्याशी गुपचूप लग्न केले. 1469 मध्ये ते घरभर झाले. आपली बहीण बाजारात मेणबत्त्या आणि मोहरी विकत बसलेली मला चालणार नाही, अशा अर्थाचे भावाने लिहिले. आई मार्गारेटने नॉरिचच्या बिशपकडे धाव घेतली. बिशपने मुलीला तिच्या कुळाची आठवण दिली, सगेसोयरे तुटतील हे सांगितले आणि नेमके कोणते शब्द बोललीस ते विचारले. मार्जरीने शब्द सांगितले. वर म्हणाली, की एवढ्याने लग्न पक्के होत नसेल तर इथून जाण्यापूर्वी ते अधिक पक्के करते. मग कॅलला वेगळे बोलावून तेच विचारले. दोघांचे जुळले. बिशपला लग्न मोडायचे असते तरी मोडता आले नसते. शास्त्र त्या मुलीच्या बाजूने होते.

आईने त्याच दिवशी दार बंद केले. आपल्या घरात आणि ओळखीच्या घरात तिला घेऊ नये असा निरोप धाडला, आणि मुलाला लिहिले, की गमावले ते काही मोलाचे माणूस नव्हे, मनाला लावून घेऊ नकोस. हे वाचताना मला ती रागीट वाटत नाही, घायाळ वाटते. पुढे 1482 च्या मृत्युपत्रात तिने मार्जरीच्या थोरल्या मुलासाठी 20 पौंड ठेवले.

अशा घरांचा संताप साचत गेला. ट्रेंटच्या धर्मसभेत फ्रान्सच्या राजाच्या वकिलांनी मागणी लावून धरली, की आईबापांच्या संमतीशिवाय झालेले लग्न रद्दच समजावे. सभेने ती मानली नाही. 11 नोव्हेंबर 1563 चा ठराव ‘तामेत्सी’ या पहिल्या शब्दाने ओळखला जातो, अर्थ ‘जरी’. आजवरची चोरटी लग्ने जरी खरी असली, तरी यापुढे स्थानिक पाद्री आणि दोन-तीन साक्षीदार यांच्याशिवाय लग्न होणार नाही, आणि आधी तीन सणवारी चर्चमध्ये पुकारा होईल. होकार दोघांचाच राहिला, फक्त तो चारचौघांत द्यायचा. (त्याच बैठकीत ब्रह्मचर्य विवाहाहून श्रेष्ठ असेही ठरले, शरीराबद्दलचा संकोच पुरता गेला नव्हता.)

पोर्तुगालने हे ठराव 1564 मध्ये स्वीकारले आणि 1567 च्या गोव्यातल्या प्रांतिक धर्मसभेबरोबर ते आपल्या दारात आले. इथे कथा वाकडे वळण घेते. लग्न जर दोघांच्या शब्दांनी लागते, तर हळदीची भीती कशाला? तरीही गोव्याच्या इन्क्विझिशनने 14 एप्रिल 1736 च्या हुकमात ख्रिस्ती घरांतल्या लग्नांवर एक लांबलचक यादी लादली. वधूवरांच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल, तांदळाचे पीठ लावायचे नाही. ओव्या गायच्या नाहीत. विडा, सुपारी, फुले रीतीने पाठवायची नाहीत. अंगणात तुळस नको. अ. का. प्रियोळकरांच्या 1961 च्या ग्रंथात ही यादी आहे; वाचताना आपल्याच घरातले लग्न कोणी ओळीने खोडत चालल्यासारखे वाटते. माझे मत असे, की होकाराच्या शास्त्र्यांना जे दिसले नव्हते ते या न्यायाधीशांना दिसले. तोंडाने माणूस एक बोलेल, पण अंगाला हळद लावणाऱ्या आत्याचा हात दुसरे काही सांगत राहील, ही त्यांची धास्ती होती, आणि ती खोटी नव्हती. जुलूम मात्र जुलूमच.

इन्क्विझिशन 1812 मध्ये कायमचे बंद झाले. 1979 ते 1984 या काळात पोप दुसरे जॉन पॉल यांनी बुधवारच्या सभांमध्ये 129 प्रवचने दिली. त्यांत शरीराला स्वतःची भाषा असते, आणि वधूवर तोंडाने जे बोलले तेच पुढे त्या भाषेत बोलत राहतात, असे त्यांनी सविस्तर मांडले.

गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी रोस असतो. नवरा त्याच्या घरी, नवरी तिच्या घरी पाटावर बसते. आईवडील, मामा-मामी, शेजारी एकेक करून पुढे येतात आणि नारळाचा रस त्यांच्या अंगाला चोळतात. बायका गातात.