खडूपासून कागदापर्यंत : एका प्रवेशपरीक्षेचा इतिहास

शिक्षकाच्या हातातला खडू हा एके काळी अमेरिकेत दंतवैद्यकाच्या प्रवेशपरीक्षेचा कागद होता. उमेदवाराला खडूचा ठोकळा आणि एका आकाराचे मोजमापांसह काढलेले चित्र दिले जाई. पट्टी, पेन्सिल व सुरी घेऊन खडूतून नेमका तो आकार कोरून काढायचा, ही परीक्षा. आज ही चाचणी इतिहासजमा झाली आहे. पण ‘सर, प्रवेशपरीक्षेसाठी कोणती पुस्तके घेऊ?’ असे विचारणारा विद्यार्थी आपल्याला दर वर्षी भेटतो. त्याला काय सांगावे, याचे पुष्कळसे उत्तर या खडूच्या गोष्टीत आहे.

दंतवैद्यक शिकवणारे जगातले पहिले स्वतंत्र महाविद्यालय १८४० साली अमेरिकेतील बाल्टिमोर येथे निघाले. त्यापूर्वी हा व्यवसाय बहुतांशी उमेदवारी करून शिकला जाई. गुरूच्या हाताखाली काम करताना शिष्याचा हात कसा आहे, हे आपोआप कळत असे. पुढे १९२६ साली विल्यम गाइस यांनी कार्नेगी प्रतिष्ठानासाठी दंतवैद्यक शिक्षणाचा मोठा अहवाल लिहिला आणि हे शिक्षण विद्यापीठीय दर्जाचे असावे, असा आग्रह धरला. विज्ञानाचा पाया पक्का झाला, पण एक नवी अडचण उभी राहिली. वर्गातील गुणांवरून विद्यार्थ्याचे वाचन कळते, हात कळत नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर सरकारी मदतीवर शिकू पाहणारे माजी सैनिक मोठ्या संख्येने महाविद्यालयांकडे वळले, तेव्हा निवडीचा प्रश्न अधिकच निकडीचा झाला. अमेरिकन डेंटल असोसिएशनची देशव्यापी प्रवेशपरीक्षा १९५० साली सुरू झाली. तिच्यात विज्ञानाच्या प्रश्नांबरोबर खडू कोरण्याची चाचणी होती.

खडूच का? खडू मऊ असतो, तसाच ठिसूळही असतो. जरा जोर जास्त झाला की कोपरा उडतो, आणि उडालेला कोपरा परत जोडता येत नाही. दातात पोकळी कोरतानाही अगदी हेच घडते. काढलेला भाग परत बसवता येत नाही. कोरलेला पृष्ठभाग सपाट आहे का, कडा रेखीव आहेत का, मापे चित्राशी जुळतात का, हे तपासून गुण दिले जात. या परीक्षेच्या तयारीचे साहित्य विकत घ्यायचे म्हणजे काय घ्यायचे? थोडे खडू आणि एक चांगली सुरी! सराव आणि परीक्षा यांत काहीही अंतर नव्हते.

अडचण होती ती तपासणाऱ्यांची. हजारो खडू गोळा करायचे, ते न मोडता पोहोचवायचे आणि प्रत्येक खडू माणसाने हातात घेऊन पाहायचा. शिवाय दोन परीक्षकांचे मत जुळेलच असे नाही. अखेर १९७२ साली खडूला रजा मिळाली आणि त्याच्या जागी कागदावरची चाचणी आली. तिची उत्तरे यंत्राला तपासता येत. कॅनडात मात्र साबणाची वडी कोरण्याची चाचणी २०१०च्या दशकापर्यंत टिकून होती.

कागदावर हाताची परीक्षा कशी घेणार? ती घेतली गेलीच नाही. हाताला वाट दाखवणारी जी नजर, तिची परीक्षा सुरू झाली. आज या विभागात सहा प्रकारांचे मिळून ९० प्रश्न असतात आणि वेळ ६० मिनिटे, म्हणजे एका प्रश्नाला ४० सेकंद. एखादी वस्तू कोणत्या भोकातून आरपार जाईल, दोन बाजूंची दृश्ये दिली असता तिसरे कसे दिसेल, चार कोनांपैकी लहान कोणता, रचलेल्या ठोकळ्यांपैकी किती ठोकळ्यांच्या किती बाजू रंगतील, सपाट पुठ्ठा दुमडून कोणता घन तयार होईल, अशा स्वरूपाचे ते प्रश्न असतात.

सहावा प्रकार घडी घातलेल्या कागदाचा. तो वर्गात लगेच करून पाहता येईल. एक चौरस कागद मध्यावर दुमडा, पुन्हा एकदा दुमडा आणि सर्व पदरांतून आरपार एक भोक पाडा. कागद न उलगडता सांगा : भोके किती आणि कोठे कोठे? ‘चार’ हे उत्तर बहुतेकांना येते. त्यांच्या जागा अचूक दाखवणे जरा अवघड असते. या प्रश्नाचे कुळ जुने आहे. आल्फ्रेड बिने व थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली पॅरिसमध्ये तयार केलेल्या बुद्धिमापन चाचणीत, घडी घालून कापलेला कागद उलगडल्यावर कसा दिसेल, असा प्रश्न होता.

परीक्षा कागदावर आली तसे तयारीचे साहित्यही कागदावर आले. आकृत्यांची पुस्तके निघाली, पुढे संगणकावरचे सराव आले. इथे निवडीचा पहिला नियम दिसतो : परीक्षा काय मोजते ते आधी पाहावे, पुस्तक नंतर. या अमेरिकन परीक्षेत दातांविषयीचे ज्ञान विचारलेच जात नाही. विज्ञान विभागाच्या १०० प्रश्नांपैकी ४० जीवशास्त्राचे, ३० सामान्य रसायनाचे आणि ३० सेंद्रिय रसायनाचे असतात. त्याशिवाय उताऱ्यांचे आकलन आणि गणित. भौतिकशास्त्र नाही. आपल्याकडे बीडीएसचा प्रवेश ‘नीट’मधून होतो. तिच्या १८० प्रश्नांत ४५ भौतिकशास्त्राचे असतात आणि आकृत्यांचा विभाग नसतो. तेव्हा परदेशी स्थायिक झालेल्या भाचीला इथून ‘नीट’चे गठ्ठे पाठवणारा मामा एक चतुर्थांश भाग वाया घालवतो आणि सर्वांत वेगळा विभाग कोराच ठेवतो. परीक्षा घेणारी संस्था घटकांची यादी स्वतःच प्रसिद्ध करते. पहिले साहित्य तेच, मग प्रत्येक विषयाचे एक चांगले पाठ्यपुस्तक, आणि मग वेळ लावून सोडवायचे प्रश्नसंच.

दुसरा प्रश्न असा की नजर सरावाने सुधारते का? काहींना ती जन्मतःच असते, इतरांनी नाद सोडावा, असे अनेकांना वाटते. डेव्हिड उटाल आणि सहकाऱ्यांनी २०१३ साली या विषयावरील २१७ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. सरावाने ही क्षमता सरासरीने सुमारे अर्ध्या प्रमाण विचलनाइतकी वाढते, ती काही काळ टिकते आणि सराव न केलेल्या कामांतही काही प्रमाणात उतरते, असे त्यात आढळले. मात्र मेरी हेगर्टी व सहकाऱ्यांच्या २००९ सालच्या अभ्यासाने थोडे सावध केले आहे. दंतवैद्यकाच्या शिक्षणाने विद्यार्थ्यांना दातांचे अंतरंग डोळ्यांपुढे आणणे चांगले जमू लागले. त्यांची एकूण अवकाशबोधाची क्षमता मात्र वाढली नाही. ज्या वस्तूंवर काम केले त्यांचीच चित्रे मनात पक्की झाली. मग दुसऱ्याच प्रकारच्या कोड्यांचे जाडजूड पुस्तक घेऊन फायदा किती होणार, याचा अंदाज करता येईल. परीक्षेत येणारे सहा प्रकार आधी हाताने करून पाहावेत. कागद खरोखर दुमडावा, ठोकळे खरोखर रचावेत. मनातले चित्र चुकले की हातातली वस्तू ते ताबडतोब दाखवते; छापील उत्तर नुसते ‘ब’ एवढेच सांगते.

आता आपल्याकडे पाहू. ‘नीट’ हाताचीही परीक्षा घेत नाही आणि नजरेचीही. बीडीएसच्या पहिल्या वर्षात मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायची वेळ येते. आपला हात या कामात रमतो की नाही, हे विद्यार्थ्याला अनेकदा तेव्हा प्रथम कळते. तोपर्यंत फी भरलेली असते आणि वर्षही सुरू झालेले असते. लाखो उमेदवारांचे खडू तपासणे कोणालाही शक्य नाही, त्यामुळे परीक्षेला दोष देण्यात फारसा अर्थ नाही. पण परीक्षा जे विचारत नाही, ते विद्यार्थ्याने स्वतःला विचारायला हरकत कोणती?

दंतवैद्यकाचा विचार करणाऱ्या अकरावीतल्या विद्यार्थ्याला पुस्तकांची यादी द्यावीच. त्याबरोबर साबणाची एक वडी आणि एका आकाराचे मापांसह काढलेले चित्रही द्यावे. कोरताना बोटांना इजा होऊ नये म्हणून बोथट सुरी वापरावी आणि जवळ थांबावे. पहिली वडी बहुधा फुटेल. तिसऱ्या-चौथ्या वडीपर्यंत विद्यार्थी कंटाळतो की आणखी एक मागतो, हे पाहावे. त्यातून कळेल ते कोणत्याही गुणपत्रिकेत लिहिलेले नसते.